टोपीचा रंग कोणता?

जुन्या काळचं क्रिकेट म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यासमोर 'लगान' येतो. एकीकडे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले गोरे, दुसरीकडे धोतर, बंडी आणि फेट्यातले गावकरी. कपड्यांकडे बघून कोण कुठल्या बाजूचा ते लगेच कळतं. सिनेमा २००१चा, त्यातली गोष्ट १८९३ सालची. वेषभूषा भानू अथैयांची, म्हणजे 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या आपल्या कोल्हापूरच्या बाई. काम उत्तमच आहे. फक्त एक लक्षात ठेवायला हवं की ती एका कल्पित गावाची वेषभूषा आहे. त्या काळातले खरे हिंदी क्रिकेटपटू सामन्याला काय घालत होते हा वेगळा प्रश्न आहे, आणि गेले तीन शनिवार-रविवार मी त्याच्या मागे लागलो होतो.

कारण साधं. धुळ्याला माझा मावसभाऊ शाळेत शिकवतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाळवणकर बाळूंवर अर्ध्या तासाची नाटुकली बसवायची त्याच्या डोक्यात आहे. त्याने आंतरजालावरून चारपाच फोटो उतरवून घेतले, त्यातले दोन कोणीतरी रंगवलेले. एकात टोपी निळी, दुसऱ्यात तीच टोपी तपकिरी! त्याचा फोन आला: "तू कॉम्प्युटरवाला ना, मग सांग यातला खरा रंग कुठला. आणि बाळूला काय घालू? कपडेवाला म्हणतो 'लगान'मधल्या कचराचा ड्रेस तयार आहे, दोनशे रुपये भाडं."

म्हटलं दादा, थांब जरा. बघतो.

आधी साहेबाचं घर बघू

क्रिकेट म्हणजे पांढरे कपडे हे आपण इतकं गृहीत धरतो की ते पहिल्यापासून तसंच असणार असं वाटतं. तसं नाहीये. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इंग्लंडमध्ये लोक उंच काळ्या हॅट घालून खेळत. १८४६मध्ये विल्यम क्लार्क नावाच्या माणसाने ऑल-इंग्लंड इलेव्हन हा पैसे घेऊन गावोगाव खेळणारा संघ काढला. आपल्याकडच्या नाटक कंपन्या जशा दौऱ्यावर निघत, तसाच प्रकार. या संघाचे शर्ट पांढरे, पण त्यावर रंगीत ठिपके! आज तो शर्ट घालून कोणी मैदानात उतरला तर लोक विदूषक म्हणतील. १८८०च्या सुमारापर्यंत मात्र ठिपके, पट्टे, चौकटी सगळं गळत गेलं आणि पांढरा फ्लॅनेलचा शर्ट, पांढरी पँट हा रिवाज पक्का झाला. रंग उरले ते टोपी, ब्लेझर आणि कमरेचा पट्टा एवढ्यावर.

आता बघा, आपल्या लोकांनी क्रिकेट मनावर घेतलं ते साधारण याच बदलाच्या काळात. मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ला काढला. पारशांचा संघ इंग्लंडला गेला १८८६ला आणि परत १८८८ला. दुसऱ्या दौऱ्यात डॉ. मेहेल्लाशा पावरींनी १७० बळी घेतले. म्हणजे क्लब निघाला तेव्हा साहेब स्वतःच रंगीबेरंगी होता आणि दौऱ्याची वेळ येईपर्यंत तो पांढरा झाला होता. 'आपण साहेबाचा पोशाख उचलला' असं आपण सहज म्हणून जातो, पण जो उचलायचा तो पोशाखच मधल्या काळात बदलत होता.

बेसबॉलवाल्यांनी काय केलं

याच काळात अमेरिकेत बेसबॉलवाले हाच प्रश्न सोडवत होते, आणि त्यांची उत्तरं जास्त मजेशीर आहेत. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबाने १८४९मध्ये गणवेष ठरवला: निळी लोकरीची पँट, पांढरा फ्लॅनेलचा शर्ट आणि चक्क गवती हॅट. १८६९मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला संघ आला. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत आखूड केली आणि खाली लालभडक मोजे घातले. लोकांना ते बघवेना, पण त्या वर्षी हा संघ एकही सामना हरला नाही. जिंकणाऱ्याचे कपडे लोकांना आपोआप आवडायला लागतात. मोज्यांवरून संघाचं नाव पडलं आणि ती चाल पुढे बोस्टन आणि शिकागोच्या संघांच्या नावांत आजतागायत आहे.

सगळ्यात भारी प्रकार १८८२चा. त्यांच्या नॅशनल लीगने नियम काढला की शर्टाचा रंग संघावरून नाही, तर खेळाडूच्या जागेवरून ठरणार. म्हणजे दोन्ही संघांच्या पिचरचा शर्ट एकाच रंगाचा, दोन्हींच्या कॅचरचा दुसऱ्या एका रंगाचा, असं करत प्रत्येक जागेला वेगळा रंग. संघ ओळखायचा तो मोज्यांवरून. परिणाम काय झाला असेल तुम्हीच डोळ्यासमोर आणा. मैदानावर नुसता गोंधळ. हंगाम संपायच्या आतच तो नियम गुंडाळावा लागला, मोजे तेवढे राहिले.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा डेटाबेस डिझाइनचा घोळ आहे. कपड्याने माणसाबद्दल नेमकी कुठली माहिती सांगायची? तो कुठल्या संघाचा ही, तो काय काम करतो ही, की तो कोण आहे ही? तिसरं उत्तर म्हणजे पाठीवरचा नंबर. ते नीट रुळलं १९२९ला, न्यूयॉर्क यांकीजनी नंबर लावले तेव्हा. नंबर फलंदाजीच्या क्रमाने दिलेले, म्हणून बेब रूथ ३ आणि लू गेरिग ४. क्रिकेटने हे उत्तर कसोटीत स्वीकारायला २०१९ची अॅशेस मालिका उजाडली. :)

क्रिकेटला एवढा उशीर का परवडला? कारण क्रिकेटमध्ये संघ ओळखायला रंग लागतच नाही. मैदानात अकरा जण एका बाजूचे, दोघं दुसऱ्या बाजूचे, आणि त्या दोघांच्या हातात बॅट. फुटबॉल, हॉकीत दोन्ही बाजू एकमेकांत मिसळतात, तिथे रंगाशिवाय चालत नाही. रंगीत कपडे क्रिकेटमध्ये आले ते पांढऱ्या चेंडूमुळे. ऑस्ट्रेलियात केरी पॅकरच्या स्पर्धेत रात्रीच्या दिव्यांत पांढरा चेंडू वापरायचा होता, तो पांढऱ्या कपड्यांसमोर कसा दिसणार? म्हणून जानेवारी १९७९मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलिया पिवळ्यात आणि वेस्ट इंडीज गुलाबीत उतरले. विश्वचषकात हे प्रकरण आलं १९९२ला.

टोपीकडे परत

आता दादाचा प्रश्न. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून खरा रंग सांगता येतो का?

मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून बघितला. रंगीत चित्रातला प्रत्येक ठिपका तीन आकड्यांचा असतो: लाल, हिरवा, निळा, प्रत्येक ० ते २५५. हल्ली चित्र काळंपांढरं करायचं तर साधारण लालाचे तीस टक्के, हिरव्याचे एकोणसाठ टक्के आणि निळ्याचे अकरा टक्के घेऊन बेरीज करतात. माणसाच्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो म्हणून त्याला वजन जास्त.

एक लाल टोपी घ्या: १८०, ३०, ४०. तिची करडी छटा येते ७६. एक गडद निळी टोपी घ्या: ३०, ४०, ११०. तिची येते ४५. म्हणजे आजच्या काळ्यापांढऱ्यात निळी टोपी जास्त काळी दिसते.

पण १८८०-९०च्या काचेच्या प्लेटा आपल्या डोळ्यासारख्या नव्हत्याच. साध्या प्लेटेला मुख्यतः निळा-जांभळा उजेडच दिसायचा. लाल, पिवळा तिच्या हिशोबी अंधार. १८७३मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्लेटेत विशिष्ट रंग मिसळून तिला हिरवा आणि पिवळाही थोडा दिसेल अशी सोय शोधली. पण लाल तरीही नाहीच. सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या १९०६च्या सुमाराला, आणि नेहमीच्या वापरात रुळायला आणखी बरीच वर्षं लागली.

मग त्याच दोन टोप्या जुन्या प्लेटेच्या डोळ्याने बघा. ढोबळ हिशोब म्हणून फक्त निळा आकडा धरा. लाल टोपी ४०, निळी टोपी ११०. क्रम उलटा झाला! लाल टोपी जवळजवळ काळी आणि गडद निळी टोपी मध्यम करडी. आता एक पिवळा फेटा घ्या: २४०, १८०, ४०. आजच्या हिशोबाने छटा १८३, म्हणजे चांगला उजळ. जुन्या प्लेटेवर ४०, लाल टोपीइतकाच काळा! जुन्या ग्रुप फोटोत जे काळं फेटेवालं ध्यान दिसतं ते लग्नाला निघाल्यासारखं झगझगीत पिवळ्यात असू शकतं.

आणि हे उलटं फिरवता येत नाही. करड्या छटा २५६, रंग एक कोटी सदुसष्ट लाखांवर. म्हणजे एकेका छटेमागे सरासरी ६५,५३६ रंग उभे. आजचे फोटो रंगवणारे प्रोग्रॅम यातला एक रंग निवडतात तो पुराव्याने नाही, सवयीने. लाखो नवे रंगीत फोटो बघून ते शिकलेले असतात की अशा जागी बहुतेक वेळा असा रंग असतो. शिवाय शिकताना वापरलेले काळेपांढरे फोटो आजच्या तीस-एकोणसाठ-अकराच्या हिशोबाने केलेले असले, तर १८९०च्या प्लेटेचा स्वभाव त्यांना ठाऊकच नसतो. म्हणून एकात निळी, एकात तपकिरी. दोन्ही अंदाजच.

तेव्हा रंगासाठी फोटो हा साक्षीदार कच्चा आहे. कापडाची घडी, कॉलर, बाही, बटणं, पट्टा, बूट यांच्याबद्दल तो पक्कं बोलतो. रंगासाठी मात्र अक्षरं शोधावी लागतात: त्या काळची वर्तमानपत्रं, क्लबांचे नियम, शिंप्याची बिलं, खेळाडूंची पुस्तकं. शापूरजी सोराबजींचं पारशी क्रिकेटवरचं पुस्तक १८९७चं, जे. एम. फ्रामजी पटेलांचं १९०५चं. पटेल स्वतः खेळलेले, त्यामुळे ते असं काहीबाही लिहून जातात जे बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही. बाहेरच्या बातमीदाराचा उपयोग वेगळा, तो जे विचित्र वाटलं तेच टिपतो. रोजचं, सगळ्यांना माहीत असलेलं कोणीच लिहीत नाही, ही इतिहासाची जुनी खोड आहे. शंभर वर्षांनी कोणीतरी विचारेल की २००० साली ऑफिसला जाताना लोक गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवायचे ती कसली, तेव्हा लिहिलेलं काही सापडलं तर नशीब.

कापड

धुळ्यालाच आमचे एक मामा आहेत, चाळीस वर्षं शिवणकाम केलेले. त्यांना विचारलं की फ्लॅनेलची पँट शिवली आहे का कधी. जुनी फ्लॅनेल म्हणजे लोकर, हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "लोकरनी प्यांट घालीसन उन्हायामा कोन खेयस रे भाऊ?"

मामांचा प्रश्न रास्त आहे. खानदेशात मे महिन्यात डांबर वितळतं, तिथे लोकर! पण इंग्लंडच्या गार, दमट हवेसाठी ते कापड बरोबर होतं. घाम शोषतं, अंगाला गार चिकटत नाही, आणि दिवसभर मैदानात उभं राहिलेल्या माणसाला वाऱ्यात हुडहुडी भरत नाही. बेसबॉलवाल्यांनीही शंभरेक वर्षं लोकरीची फ्लॅनेलच वापरली. १९७०मध्ये पिट्सबर्गचा संघ विणलेल्या पॉलिएस्टरमध्ये उतरला आणि मग बाकीचे त्यामागे गेले.

मामांकडून एक कामाची गोष्ट कळली जी पुस्तकात मिळाली नसती. लोकर धुतली की आटते, म्हणून शिवताना ती आधी भिजवून वाळवावी लागते, आणि शिवणीत माया जास्त सोडावी लागते. पांढरी लोकर उन्हाने आणि साबणाने पिवळट पडते. म्हणजे जुन्या 'पांढऱ्या' गणवेषाचा रंग खरं तर सायीसारखा असणार. नाटकासाठी नीळ घातलेला झगझगीत पांढरा टेरिकॉट घेतला तर ते डॉक्टरचे कपडे दिसतील, क्रिकेटपटूचे नाहीत.

आता यात खानदेश कुठे? खानदेश म्हणजे कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात आगगाडी भुसावळ-जळगावपर्यंत पोचली. जळगावला खानदेश मिल निघाली १८७०च्या दशकात, पुढे अमळनेर आणि धुळ्याला प्रताप मिल. पण आमचा कापूस आखूड धाग्याचा, त्याचं सूत जाड. त्यातून धोतरं, लुगडी, जाडंभरडं कापड व्हायचं. क्रिकेटचा गणवेष विलायती लोकरीचा, त्यात या कापसाला जागा नव्हती. मधल्या काळात सुती शर्ट-पँट आले, तेवढीच काय ती कापसाची बॅटिंग. आज जळगावच्या शिवतीर्थावर नाहीतर धुळ्याच्या गरुड मैदानावर टेनिस बॉलची स्पर्धा बघा, प्रत्येक गल्लीच्या संघाला जर्सी, पाठीवर नाव, नंबर, छातीवर प्रायोजक भाऊंचा फोटो. ती छपाई ज्या पद्धतीने होते तिचा रंग वाफ होऊन धाग्यात शिरतो आणि तो पॉलिएस्टरवरच बसतो, सुतावर टिकत नाही. कापसाच्या मुलखात खेळाचा कपडा आधी लोकरीचा आणि आता प्लॅस्टिकचा.

आणि बाळू

आता मुद्द्याचं. पाळवणकर बाळूंचा जन्म १८७६चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात एका पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचं, रोलर फिरवायचं काम. मग १८९२च्या सुमाराला गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात महिना चार रुपये. तिथे साहेबांना नेटमध्ये सराव द्यायला ते डावखुरी फिरकी टाकू लागले. जे. जी. ग्रेग हा तिथला सगळ्यात चांगला फलंदाज, त्याला तासन्‌तास गोलंदाजी. 'लगान'ची गोष्ट घडते त्या १८९३मध्ये खरे बाळू पुण्यात हे काम करत होते. कचरा हे पात्र बाळूंवरून सुचलं असं म्हणतात.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळू हवे होते. पण सवर्णांच्या संघात चांभाराला घ्यायचं कसं? तोडगा निघाला तो असा: मैदानात एकत्र खेळायचं, एकाच चेंडूला हात लावायचा. चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपातून पिणार, बाळूंना बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात. जेवणही वेगळं.

पुढे ते मुंबईला गेले. १९०६मध्ये हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवलं त्यात ते होते. १९११मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कर्णधारपदाखाली पहिला अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला: सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि शीख महाराज. त्या पाच हिंदूंत दोघं पाळवणकर भाऊ, बाळू आणि शिवराम. संघ बरेच सामने हरला, बाळूंनी मात्र दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. एवढं करून हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या विठ्ठलना, १९२३मध्ये.

या सगळ्यातून पोशाखाबद्दल मला जे दिसतं ते असं. पांढरा गणवेष जात लपवतो. पंचवीस यार्डांवरून बघणाऱ्याला अकरा माणसं सारखीच दिसतात. जो भेद आहे तो कपात आहे, ताटात आहे, कर्णधार निवडणाऱ्या समितीच्या खोलीत आहे. इंग्लंडमध्येही तेच, फक्त तिथे जातीऐवजी पैसा. हौशी आणि पगारी खेळाडू एकाच संघात, एकाच पांढऱ्या कपड्यांत. पण बऱ्याच मैदानांवर दरवाजे वेगळे, आणि धावफलकाच्या छापील कागदावर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी तर पगारी माणसाची नंतर. हा प्रकार १९६२पर्यंत चालला.

म्हणून मी दादाला म्हटलं, कचराचा ड्रेस नको. बाळूंना मळकट, फाटक्या कपड्यांत उभं केलं तर प्रेक्षकांना वाटेल की अन्याय गरिबीमुळे झाला. पोरांना दिसायला हवं ते हे की माणूस अगदी बाकीच्या दहांसारखा आहे, तीच पँट, तोच शर्ट, तीच टोपी, आणि चहाची वेळ होते तेव्हा तो एकटा बाहेर उभा राहतो. तो मातीचा पेला हीच खरी वेषभूषा.

दादाला हे पटलं, पण त्याने एक बरोबर शंका काढली: "मग पहिल्या प्रवेशात? तीन रुपये पगारात कुठली फ्लॅनेल?" खरं आहे. म्हणून दोन पोशाख. मैदान झाडतानाचा रोजचा, साधा. आणि सामन्याचा पांढरा. कपडा बदलतो, भांडं बदलत नाही. अर्ध्या तासाच्या नाटकात एवढं पुरे.

धुळ्याच्या पोरांना हा धागा जवळचाही वाटेल. आंबेडकरांना तरुणपणी बाळूंचं मोठं कौतुक होतं. पुढे १९३७च्या मुंबई निवडणुकीत दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि आंबेडकर जिंकले. त्याच वर्षी ते धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहून गेले. तिथे दर ३१ जुलैला अजून माणसं जमतात. आणि कपड्यांचं राजकारण आंबेडकरांइतकं कोणाला कळलं होतं? १९२७मध्ये महाडला त्यांनी बायकांना सांगितलं होतं की जातीची खूण होईल असं लुगडं नेसू नका, बाकीच्या बायका नेसतात तसं नेसा. कपडा बदलून जात जात नाही हे त्यांना माहीत होतं. पण कपड्यावरून जात ओळखायची सोय तरी बंद करता येते.

तर दादासाठी शेवटी ही यादी पाठवली:

१. कापड सायीच्या रंगाचं. लोकर परवडणार नाही, जाड सुती घ्या. चकाकणारं काही नको.
२. शर्टाला कॉलर, लांब बाही, पुढे बटणं. पाठीवर नाव-नंबर काही नाही. शाळेचं नावसुद्धा नाही!
३. पँट ढगळ, कमरेला पट्टा.
४. टोप्या सगळ्यांना एकाच रंगाच्या. रंग कुठलाही घ्या, पण कार्यक्रमपत्रिकेवर 'अस्सल' असं छापू नका.
५. कप दोन प्रकारचे. ते नीट दिसतील असे हातात धरायला शिकवा.

असो. जाता जाता वाचकांना एक विनंती. खानदेशात जुनी हायस्कुलं आहेत, मिलचे क्लब होते, रेल्वेचे संघ होते. कोणाच्या तरी आजोबांचा बॅट घेतलेला ग्रुप फोटो माळ्यावर ट्रंकेत पडलेला असणार. तो स्कॅन कराल तेव्हा मागची बाजूही स्कॅन करा. पुढच्या बाजूला नुसत्या करड्या छटा असतात. नावं, साल, स्टुडिओचा शिक्का आणि कधी कधी 'ही टोपी हिरवी होती' अशी पेन्सिलीतली ओळ मागेच असते. आणि घरात ते कपडे आठवणारं कोणी माणूस असेल तर या रविवारी त्याच्या शेजारी बसून विचारून घ्या, फोटोमागे लिहून ठेवा. रंगासाठी तेवढा एकच साक्षीदार असतो, आणि तो ऐंशीच्या पुढचा असतो.